आधी धार, मग जंतू

डोळ्याच्या शस्त्रक्रियेत एकदाच वापरून टाकून द्यायची पाती कुठून आली, असं विचारलं तर बहुतेक जण जंतुसंसर्गाच्या भीतीचं नाव घेतील. इतिहास मात्र वेगळं सांगतो. हे पातं आणलं धारेने; जंतूंचा युक्तिवाद त्याला नंतर येऊन चिकटला. शस्त्राची धार केस कापण्याइतकी तीक्ष्ण असावी, अशी अपेक्षा सुश्रुतसंहितेतच आहे. धार लावायला उडदाच्या रंगाचा गुळगुळीत दगड आणि ती टिकवायला सावरीच्या लाकडाची फळी, एवढा तपशील तिथे सापडतो. पुढे १८६७ मध्ये लिस्टरने कार्बॉलिक आम्लाचा आग्रह धरला, १८७९ मध्ये शाम्बरलांने ऑटोक्लेव्ह तयार केला आणि हस्तिदंती व लाकडी मुठींची देखणी हत्यारं हळूहळू पेटीतून हद्दपार झाली. उकळत्या पाण्यात टिकेल अशी सबंध धातूची हत्यारं आली. पोट किंवा हाडं उघडणाऱ्या सर्जनचं यात काही बिघडलं नाही. नेत्रतज्ज्ञाची मात्र पंचाईत झाली. मोतीबिंदू काढण्यासाठी ग्रेफने रूढ केलेली अरुंद, पातळ सुरी बुबुळाच्या कडेने एका ओघात फिरवावी लागे, आणि उकळलं की तिची धार जाई. म्हणून बाकीची हत्यारं उकळायची आणि सुरी तेवढी स्पिरिटात किंवा कार्बॉलिकमध्ये बुडवून काढायची, अशी तडजोड कित्येक वर्षं चालली. जंतू मारावेत की धार राखावी, हा पेच नेत्रशस्त्रक्रियेला इतरांपेक्षा जास्त छळत होता.

तो सोडवला न्हाव्याच्या धंद्याने, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. १९०३ मध्ये जिलेटचं बदलत्या पात्याचं वस्तरायंत्र बाजारात आलं. १९१५ मध्ये मॉर्गन पार्करने तीच कल्पना शल्यचिकित्सेत आणली: मूठ कायम, पातं बदलतं. नेत्रतज्ज्ञ तर दाढीच्या पात्याचेच बारीक तुकडे खास चिमट्यात मोडून घेत आणि त्याने छेद देत. पातं स्वस्त, धार कारखान्यातली, नवा छेद तर नवा तुकडा. फेकून देण्याची सवय लागली ती इथे. १९६७ मध्ये केलमनने मोतीबिंदू ध्वनिलहरींनी फोडून काढण्याची फेको पद्धत आणली आणि पुढच्या काळात छेद तीन मिलिमीटरच्या आत आला, तेव्हा या सवयीला आणखी भक्कम कारण मिळालं. टाक्याविना आपोआप मिटणारा छेद नेमक्या रुंदीचा आणि स्वच्छ कापलेलाच हवा. बोथट पातं कापत नाही, ओढतं; मग कडा नीट मिटत नाहीत आणि डोळ्याबाहेरचं पाणी जंतूंसह आत शिरू शकतं. म्हणजे धार हाच संसर्गाविरुद्धचा एक बंदोबस्त ठरला. पात्यापुरतं ‘एकदाच वापरा’ हे म्हणूनच पटण्यासारखं आहे.

हाच न्याय प्रत्येक चिमट्याला लावू लागलं की अडचण सुरू होते. त्या बाजूचा सर्वांत वजनदार पुरावा प्रायॉनचा, म्हणजे मेंदूचे रोग पसरवणाऱ्या प्रथिनाचा. कॉर्नियाच्या प्रत्यारोपणातून क्रॉइट्‌झफेल्ट-याकोब रोग गेल्याची नोंद अमेरिकेत १९७४ मध्ये झाली होती. १९९६ मध्ये ब्रिटनने ‘मॅड काऊ’ रोगाचा माणसाशी संबंध जाहीर केल्यावर, नेहमीच्या निर्जंतुकीकरणाला दाद न देणाऱ्या या प्रथिनाने सगळ्यांनाच धडकी भरवली. ती भीती निराधार नव्हती. दृष्टिपटल आणि नेत्रतंतू यांची गणना अतिजोखमीच्या ऊतींमध्ये होते. पण पुढे काय झालं तेही पाहावं लागेल. जानेवारी २००१ मध्ये इंग्लंडमध्ये टॉन्सिलच्या शस्त्रक्रियांसाठी एकदाच वापरायची हत्यारं सक्तीची झाली. रक्तस्रावाचे प्रकार वाढले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात सक्ती मागे घ्यावी लागली. तर्कातल्या धोक्यापासून वाचवायला आणलेल्या हत्यारांनी प्रत्यक्षातला धोका वाढवला होता. उदाहरण घशाचं आहे, पण हलक्या प्रतीच्या चिमट्याची टोकं नीट जुळत नसतील तर डोळ्यातही ते परवडणारं नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक सबळ वाटतो. फेकोच्या कॅन्युला आणि नळ्या इतक्या बारीक असतात की आतून त्या खरोखर धुतल्या गेल्या का, हे डोळ्यांना दिसत नाही. आत वाळलेला चिकट द्राव, धुण्याच्या औषधाचा अंश, मेलेल्या जंतूंचं विष यांमुळे शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांतच डोळ्याच्या पुढच्या भागाला जी तीव्र सूज येते, तिला १९९२ मध्ये स्वतंत्र नाव मिळालं. ऑटोक्लेव्ह जंतू मारतो, मळ काढत नाही. तेव्हा बारीक नळी टाकून द्यावी, हे मान्यच.

भरीव चिमट्यांचं काय, याचं उत्तर मदुराईत मिळतं. १९७६ मध्ये गोविंदप्पा वेंकटस्वामींनी अकरा खाटांवर सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयात हत्यारं धुऊन, निर्जंतुक करून पुन्हा वापरली जातात. तिथल्या सहा लाखांहून अधिक मोतीबिंदू शस्त्रक्रियांचा हिशेब २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. डोळ्याच्या आतल्या संसर्गाचं प्रमाण ०.०७ टक्के होतं, आणि शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यात मॉक्सिफ्लॉक्सॅसिन सोडल्यावर ते ०.०२ टक्क्यांवर आलं. घट झाली ती औषधाने, हत्यारं फेकून नव्हे. यात नवल नाही. हे जंतू बहुधा रुग्णाच्या स्वतःच्या पापण्यांवरचे असतात. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात तिथल्या एका फेको शस्त्रक्रियेचा कार्बनभार सुमारे ६ किलो निघाला. ब्रिटनमधला आकडा सुमारे १८० किलो होता.

यावर कोणी म्हणेल, अरविंदची शिस्त सगळीकडे कुठे आहे? नाही, हे खरं. तंबूतल्या शिबिरांमधून शस्त्रक्रिया पक्क्या थिएटरात हलवाव्या लागल्या त्या याच कारणाने. पण जिथे धुण्याची शिस्त नाही, तिथे फेकण्याची तरी असेल असं का मानायचं? ‘एकदाच वापरा’ असं छापलेली पाती आणि कॅन्युला धुऊन पुढच्या रुग्णाला वापरल्या जातात, हे या व्यवसायात कोणाला नवं नाही. तिथे काटकसर नेमकी उलट्या टोकाने सुरू झालेली असते: जे टाकायचं ते राखलं जातं, आणि जे वर्षानुवर्षं टिकलं असतं त्या चांगल्या पोलादी चिमट्यांच्या खरेदीला पैसे नसतात.