चित्रकलेचा तास आला कुठून?

मंडळी, एक सोपा प्रश्न. तुमच्या शाळेच्या टाइमटेबलमध्ये चित्रकलेचा तास कधी असायचा? बहुतेकांचं उत्तर सारखंच येईल. आठवड्यातून एकदा, शुक्रवारी नाहीतर शनिवारी, अगदी शेवटी, जेव्हा पोरंही दमलेली असतात आणि सरही. त्यातून परीक्षा जवळ आली की गणिताच्या बाई तो तास हक्काने मागून न्यायच्या. चित्रकलेच्या सरांनी गणिताचा तास मागून घेतल्याचं कुणी ऐकलंय का? :-)

आता जरा अवघड प्रश्न. हा तास टाइमटेबलमध्ये मुळात घातला कुणी, आणि कशासाठी? "मुलांच्या कलागुणांना वाव मिळावा म्हणून" हे उत्तर तुमच्या ओठांवर आलं असेल. ते उत्तर खरं आहे, पण बऱ्याच नंतरचं आहे. सुरुवातीला हा तास आला तो कारखान्यासाठी. मी राहतो पिंपरी-चिंचवडला, जिथे ढांगेवर एक कारखाना आहे, आणि नोकरी करतो गाड्यांचे पार्ट डिझाइन करायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरवर. त्यामुळे ही गोष्ट वाचताना मला भलताच रस वाटायला लागला. म्हटलं तुम्हालाही सांगावी.

सुरुवात लंडनला. १८५१ साली हाइड पार्कमध्ये मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, क्रिस्टल पॅलेसमध्ये. इंग्लंडने आपली यंत्रं, कापड, भांडी सगळं मांडलं. पण जाणकारांच्या नजरेत भरले ते भारतातून आलेले कापड आणि नक्षीकामाचे नमुने. आपल्या यंत्रावर निघणारा माल स्वस्त आहे, भरपूर आहे, पण दिसायला भिकार आहे, ही टोचणी इंग्रजांना लागली. त्यावर हेन्री कोल नावाच्या कर्तबगार अधिकाऱ्याने उपाय काढला: देशातल्या प्रत्येक पोराला ड्रॉइंग शिकवा. चित्रकार करायला नव्हे, तर हात आणि डोळा अचूक व्हावा म्हणून. त्याचा सहकारी रिचर्ड रेडग्रेव्ह याने २३ पायऱ्यांचा अभ्यासक्रम बनवला. आधी सरळ रेघा, मग छापील नमुन्याची बाह्यरेषा, मग प्लॅस्टरच्या पुतळ्याची, मग छटा... एकेक शेडिंग पूर्ण करायला पोरं महिनोन्‌महिने ठिपके देत बसायची. मनाने काही काढायची वेळ यायची ती अगदी वरच्या पायऱ्यांवर, आणि तिथवर पोचत होतं कोण! (इंजिनिअरिंगला काचेखाली बल्ब लावून शीट्सची जीटी मारलेल्या वाचकांना या पद्धतीचं मर्म लगेच कळेल.)

पुढे ही पद्धत साउथ केन्सिंग्टन या नावाने ओळखली जाऊ लागली आणि बोटीत बसून आपल्याकडेही आली. इथे जमीन तयारच होती. सर जमशेटजी जिजीभाई यांनी १८५३ मध्ये कला आणि कारागिरीच्या शिक्षणाची शाळा काढायला एक लाख रुपये देऊ केले होते. त्या काळचे एक लाख! मार्च १८५७ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये वर्ग भरू लागले. हेच आपलं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. मद्रास आणि कलकत्त्याला अशा शाळा आधीच निघाल्या होत्या आणि त्यांच्या नावातच 'इंडस्ट्रियल' हा शब्द होता. म्हणजे हेतू लपवलेला नव्हताच. १८६५ मध्ये जे. जे.त तीन विभाग सुरू झाले: सजावटीची चित्रकला, शिल्पकाम आणि धातूकाम. शिल्पकामाला आलेले मास्तर म्हणजे लॉकवुड किपलिंग, 'जंगल बुक'वाल्या रुडयार्डचे वडील. व्हीटी स्टेशनवरच्या दगडी पानाफुलांकडे आणि प्राण्यांकडे कधी मान वर करून बघितलंत का? त्या कामात जे. जे.च्या विद्यार्थ्यांचा हात आहे.

पण या शाळेतून आपल्या गावच्या हायस्कुलात ड्रॉइंग पोचलं कसं? १८७९ मध्ये ड्रॉइंग शिकवण्याचे वर्ग सुरू झाले आणि १८९३ मध्ये ड्रॉइंगचे शिक्षक तयार करण्याचा अभ्यासक्रम. पाठोपाठ १८९६ मध्ये ड्राफ्ट्समनचा वर्ग. शिक्षक आणि ड्राफ्ट्समन एकाच छपराखाली घडत होते, हे लक्षात ठेवा. मुंबई इलाख्यातल्या शाळांमधल्या 'ड्रॉइंग मास्तर' या प्राण्याचा उगम हा असा आहे.

आणि या सगळ्याची जिवंत खूण आजही तुमच्या-आमच्या घरात, फायलीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत पडलेली असते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची सर्टिफिकेटं! ही नावं इतकी अंगवळणी पडलीत की या परीक्षांना 'ग्रेड' परीक्षा का म्हणतात हा प्रश्न पडत नाही. कोलसाहेबाच्या खात्याच्या परीक्षांचीच नावं फर्स्ट ग्रेड, सेकंड ग्रेड अशी होती. सेकंड ग्रेडचे विषय होते मुक्तहस्त, भूमिती, यथादर्शन आणि वस्तू समोर ठेवून काढायचं चित्र. आता आपले पेपर आठवा: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि भूमिती व अक्षरलेखन. १९६५ मध्ये राज्याचं कला संचालनालय स्थापन झालं आणि या परीक्षा तेच घेतं. खानदान ओळखू येतं ना?

त्यातला भूमितीचा पेपर तर आम्हा इंजिनिअर लोकांच्या खास ओळखीचा. इंटरमिजिएटला घनभूमिती असते. म्हणजे एखादा शंकू किंवा लोलक वरून कसा दिसतो, समोरून कसा दिसतो, ते काढायचं. हे शास्त्र बसवलं गास्पार मोंज या फ्रेंच माणसाने, अठराव्या शतकात, किल्ल्यांच्या बांधकामाच्या निमित्ताने. ते इतकं उपयोगी निघालं की फ्रेंच लष्कराने काही वर्षं गुपित म्हणून दडवून ठेवलं. एकेकाळचं लष्करी गुपित आपल्याकडे आठवी-नववीची पोरं शनिवार-रविवारी कंपास घेऊन सोडवतात. आणि पुढे फर्स्ट इयरला मिनी ड्राफ्टर खांद्याला लटकवून तीच पोरं त्याच शंकूपुढे पुन्हा रडतात.

आता पिंपरी-चिंचवडकडे येऊ. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली आणि त्याच दशकात टेल्को, बजाज ऑटो अशी बडी मंडळी इकडे आली. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी मिळून नगरपालिका आणि १९८२ मध्ये महापालिका. मोठ्या कंपन्यांना पार्ट पुरवणारी शेकडो छोटी वर्कशॉप्स भोसरीत उभी राहिली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी बजाज चाकणला गेली, २००९ मध्ये तिथे फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, आणि कांद्याच्या बाजारासाठी ठाऊक असलेलं गाव गाड्यांसाठी ठाऊक झालं. हे सगळं ज्या एका भाषेवर चालतं ती मराठी नाही, हिंदी नाही की इंग्रजीही नाही. ती आहे ड्रॉइंग. भोसरीतला टर्नर आणि जर्मनीतला डिझायनर एकमेकांशी बोलतात ते त्या कागदावरून.

माझे बाबा अशाच एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. लातूरकडून इकडे आले तेव्हा हातात दहावी आणि आयटीआय. ते सांगतात, त्यांच्या वेळी अमोनिया प्रिंट यायच्या, निळसर, वास मारणाऱ्या. जॉब मशीनवर लावायच्या आधी त्या कागदाकडे बघून तो डोळ्यांपुढे उभा करायचा, हे ज्याला जमलं तो टिकला. बाबांना ते लवकर जमलं, कारण गावच्या शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांनी इंटरमिजिएटसाठी त्यांच्याकडून घनभूमिती घोटून घेतली होती. त्या सरांना चाकणही माहीत नव्हतं आणि कोलसाहेबही. पण कोलसाहेबाचं म्हणणं माझ्या घरात तरी खरं ठरलं.

म्हणजे साहेबाचा जयजयकार करायचा का? मुळीच नाही. या पद्धतीत दोन मोठ्या खोटी होत्या. पहिली म्हणजे मुलाला स्वतःचं काही सांगायचं असतं, हे तिच्या गावीच नव्हतं. ही उणीव बऱ्याच जणांना टोचली. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेकने १८९७ मध्ये मुलांसाठी चित्रांचा वर्ग काढला आणि त्यांना मनाचं काढू दिलं. आपल्याकडे शांतिनिकेतनमध्ये १९१९ मध्ये कलाभवन सुरू झालं. तिथे शिकलेले देवी प्रसाद १९४४ मध्ये वर्ध्याजवळ सेवाग्रामला आले आणि नई तालीमच्या शाळेत वर्षानुवर्षं मुलांना कला शिकवत राहिले. कला हाच शिक्षणाचा पाया, असा त्यांचा आग्रह. 'कलागुणांना वाव' हे आपलं उत्तर येतं ते या वाटेने.

दुसरी खोट जास्त बोचणारी आहे. १८५१ मध्ये ज्या हातांचं काम बघून इंग्रज चाट पडले, त्यांच्याच नातवंडांना "तुमचा डोळा अचूक नाही, आमचे नमुने गिरवा" असं सांगितलं गेलं. आपल्या दारात रोज सकाळी ठिपक्यांची रांगोळी निघत होती. ठिपक्यांची जाळी, सममिती, एकच आकार चारी बाजूंना फिरवणं, हे सगळं आज्जीला पाठ. संकल्पचित्राच्या पेपरात आपण दुसरं काय करतो? पण आज्जीला कुणी ग्रेड दिली नाही. वारली चित्रांचंही तेच. जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि आता महाराष्ट्रातल्या निम्म्या शाळांच्या भिंतींवर त्रिकोणी अंगाची माणसं फेर धरून नाचत असतात. त्याआधी कित्येक पिढ्या ती झोपडीच्या भिंतींवर होतीच.

तिसरा धागा बाजाराचा. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईचा धंदा सुरू केला, तोच पुढे कॅम्लिन. कॅमलच्या रंगपेट्या आणि वॅक्स क्रेयॉन घराघरांत पोचले तसा चित्रकलेचा अर्थ 'रंग भरणे' असा होत गेला. गणेश मंडळांच्या रंगभरण स्पर्धा आठवा. छापील गणपती, आत रंग, रेघेबाहेर गेलं की मार्क कट. गंमत बघा, फिरून आपण छापील नमुन्यावरच आलो!

तर थोडक्यात काय, त्या पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात तीन वेगवेगळे हेतू दाटीवाटीने बसलेत: कारखान्याला लागणारा डोळा, मुलाचं मन, आणि रंगपेटी. पहिल्या दोघांचं आपसात पटत नाही, म्हणून तिसरा जागा पटकावतो. कागदोपत्री मात्र सगळं छान आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कला हा विषय हवाच असं म्हटलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला शंभराहून जास्त मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी निदेशक सांगितलाय, पण अर्धवेळ. त्या एका शब्दात या तासाची समाजातली पत कळते.

प्रत्यक्षात काय होतं? माझी भाची इथल्याच एका शाळेत चौथीत आहे. दर आठवड्याला 'आर्ट प्रोजेक्ट' घरी येतो. आइस्क्रीमच्या काड्या, चमकी, फेव्हिकॉल. सोबत मोबाइलवर तयार वस्तूचा फोटो, म्हणजे अगदी तसंच करायचं. रात्री अकराला ताई आणि भाऊजी काड्या चिकटवत बसतात, भाची झोपलेली असते. यात डोळाही तयार होत नाही आणि मनही. कोलसाहेब आणि देवी प्रसाद दोघेही एकाच वेळी नापास!

आमच्या क्षेत्रात याची किंमत दिसते. नवीन जॉइन होणारी मुलं कॅडमध्ये मॉडेल सफाईने गरागरा फिरवतात. पण व्हाइटबोर्डवर पार्टचं साधं स्केच काढून दाखव म्हटलं की हात थबकतो. सॉफ्टवेअर सगळे व्ह्यू आपोआप काढून देतं, मान्य. मात्र ते बरोबर आहेत का हे ओळखायला पार्ट आधी डोक्यात फिरावा लागतो. भारतीय मानक ब्युरोने १९८८ मध्ये इंजिनिअरिंग ड्रॉइंगचं 'एसपी ४६' नावाचं पुस्तक काढलं, तेही शाळा-कॉलेजांसाठी म्हणून. शाळांसाठी हा शब्द कुणीतरी विचार करूनच घातला असणार.

मला वाटतं, कोल आणि देवी प्रसाद यांचं भांडण मिटवायला फार काही लागत नाही. टेबलावर एक तांब्या ठेवा आणि चाळीस मिनिटं त्याच्याकडे बघून काढू द्या. फोटो बघून नाही, तांब्या बघून. तोंड गोल असूनही लंबगोल का दिसतं, हे मुलाला स्वतःलाच कळू द्या. तिथे डोळा तयार होतो. पुढच्या आठवड्यात तोच तांब्या आज्जीच्या हातात, नळावर, पंढरीच्या वाटेवर, हवा तिथे काढू द्या. तिथे मन येतं. खर्च किती? एक पेन्सिल, एक खोडरबर, आणि ज्याला या विषयाची आवड आहे असा एक पूर्णवेळ माणूस. यातली शेवटची गोष्टच महाग आहे, आणि नेमकी तिथेच आपण काटकसर करतोय.

तेव्हा पुढच्या पालकसभेत गणिताच्या सिलॅबसबद्दल विचारून झालं की एक प्रश्न आणखी विचारा: चित्रकलेचा तास खरंच होतो का, आणि घेतं कोण? ज्या गावाचं पोट ड्रॉइंगच्या कागदावर भरतं, तिथे हे विचारायलाच हवं.