समुद्रावरील हांक

गोंदिया जिल्ह्यांत तिरोड्याजवळ डोंगरांच्या कुशींत बोदलकसा नांवाचा तलाव आहे. १९१७ सालीं मातीचा बांध घालून तेथील पाणी अडविलें गेलें. त्या पाण्यावर डोंगा घेऊन जाळें टाकावयास गेलेला ढिवर संकटांत सांपडला, तर त्याची हांक कांठावर ऐकूं येते. आणि ती कोणाची हें ऐकणारास विचारावें लागत नाहीं, कारण गांवांत माणूस आवाजावरूनच ओळखला जातो. हांक पोंचणें, ती कोठून आली हें समजणें आणि ती कोणाची हें कळणें, या तीन गोष्टी तलावावर एकाच क्षणीं घडतात. समुद्रावर त्या तीन वेगवेगळ्या विद्या आहेत, आणि तिन्ही हस्तगत होण्यास माणसाला सुमारें शंभर वर्षें लागलीं. या विलंबाची किंमत महाराष्ट्राच्या किनाऱ्यानें काय दिली, हें जाणण्यासाठीं ‘रामदास’ बोटीच्या कथेकडे वळलें पाहिजे.

तो दिवस १७ जुलै १९४७, गुरुवार. आषाढी अमावास्या होती. दिव्यांची पूजा करण्याचा हा दिवस. कोंकणांत आणि मुंबईंत त्याचें अधिक परिचित नांव गटारी. सणासाठीं घरीं जाणाऱ्यांची भाऊच्या धक्क्यावर एकच गर्दी उसळली होती. स्वदेशीच्या चळवळीच्या काळांत निघालेल्या व लोक जिला आपुलकीनें ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत त्या कंपनीची ही बोट. ती १९३६ सालीं इंग्लंडांत बांधली गेली होती व कंपनीच्या इतर बोटींप्रमाणें तिलाही संताचें नांव दिलेलें होतें. सकाळीं आठ वाजतां ती रेवस बंदराकडे निघाली. वाट दीड तासाची, रोजच्या सवयीची. वाटेंत वारा व पाऊस यांनीं जोर धरला. लाटेचें पाणी बोटींत शिरूं लागतांच भ्यालेली माणसें एका बाजूस धांवलीं, आणि काशाच्या खडकाच्या परिसरांत साडेनऊच्या सुमारास बोट कलंडून उलटली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. नेमका आंकडा मात्र निरनिराळा सांगितला जातो. फेरीच्या बोटीच्या तिकिटावर उतारूचें नांव नसतें, हें येथें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

येथवरची कथा गिरगांवापासून अलिबागेपर्यंत जुन्या घरांतून ऐकावयास मिळते. तिचा उत्तरार्ध तितकासा सांगितला जात नाहीं, आणि विचार करण्यासारखा आहे तो तोच. बोट बुडाली ती मुंबईच्या अगदीं दाराशीं. बंदरांत आगबोटी होत्या, पडाव होते, आरमाराचीं जहाजें होतीं. परंतु रामदास बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें. सकाळीं घडलेली गोष्ट मुंबईला कळली ती दुपार उलटल्यावर, आणि तीही वाचलेलीं माणसें स्वतः किनाऱ्याला लागलीं तेव्हां. मधल्या काळांत जें कांहीं साहाय्य झालें तें योगायोगानें. रेवसचे कोळी मासळी घेऊन मुंबईच्या बाजाराला निघाले होते. त्यांनीं पाण्यांतलीं माणसें पाहिलीं, विकावयास आणलेली सारी मासळी समुद्रांत फेंकून दिली आणि मचव्यांत माणसें भरलीं. सुमारें ७५ जीव त्यांनीं वांचविले. त्या दिवशीं साहाय्यकांची वाण नव्हती, वाण होती ती वार्तेची.

ही उणीव त्या काळींही नवी नव्हती. १८८८ सालच्या नोव्हेंबरांत ‘वैतरणा’ ही आगबोट कच्छच्या मांडवीहून मुंबईस येण्यास निघाली. विजेच्या दिव्यांमुळें लोक तिला ‘विजळी’ म्हणत. सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ ती वादळांत नाहींशी झाली. कोठें बुडाली हें आजतागायत कळलेलें नाहीं. पुढें ११ नोव्हेंबर १९२७ रोजीं ‘जयंती’ व ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशीं बुडाल्या. (याच तारखेस, २००९ सालीं, ‘फयान’ चक्रीवादळ अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आलें. पंचांग पाहणारांनीं यांतून हवा तो अर्थ काढावा. कार्तिकांतील समुद्र वरून शांत दिसला तरी विश्वासाचा नव्हे, एवढा अर्थ पुरेसा आहे.)

तोंपर्यंत बिनतारीची विद्या जगाला अपरिचित होती असें मात्र नाहीं. १९१२ सालीं ‘टायटॅनिक’ बुडतांना तिची हांक ‘कार्पेथिया’ जहाजानें ऐकली म्हणून सुमारें सातशें माणसें वांचलीं; आणि त्याहून जवळ असलेल्या ‘कॅलिफोर्नियन’ जहाजावरचा बिनतारीवाला झोंपीं गेला होता म्हणून तें जहाज जागच्या जागीं उभें राहिलें. त्यानंतर १९१४ सालीं लंडनमध्यें राष्ट्राराष्ट्रांचा करार होऊन जहाजांवरील सुरक्षिततेचे नियम ठरले. पण ते नियम देशोदेशींच्या सफरी करणाऱ्या जहाजांसाठीं होते. समोरच्या बंदराला जाणाऱ्या बोटीला एवढा खर्च कशाला, अशी समजूत सर्वत्र होती. शिवाय बिनतारीला शिकलेला माणूस लागतो, आणि बोट कांहीं मिनिटांत उलटली तर तो माणूसच प्रथम पाण्यांत पडतो. म्हणजे हवें होतें तें असें यंत्र, कीं जें बोट बुडाल्यावरही, हात लावावयास कोणी उरलें नसलें तरी, आपलें काम करील.

असें यंत्र आज आहे. नाविक त्याला ‘ईपर्ब’ म्हणतात. दिसावयास तें लहानशा कंदिलाएवढें. जहाजाच्या उघड्या भागावर एका खोबणींत तें बसविलेलें असतें आणि खोबणीला पाण्याच्या दाबानें सुटणारी कळ असते. जहाज बुडूं लागलें कीं फार तर चार मीटर खोलीवर ती कळ सुटते, यंत्र तरंगत वर येतें आणि पाणी लागतांच आपोआप बोलूं लागतें. सुमारें दर पन्नास सेकंदांनीं अर्धा सेकंद, ४०६ मेगाहर्ट्‌झ या लहरींवर, आणि तेंही केवळ पांच वॅटच्या शक्तीनें. घरांतील लहानशा दिव्याएवढी ही शक्ति. पण आकाशांतील उपग्रहाला ती पुरते. निदान ४८ तास हा आवाज चालूं राहतो.

ठिकाण कसें कळतें? स्टेशनांतून आगगाडी शिटी वाजवीत जाते तेव्हां जवळ येतांना तिचा स्वर चढा आणि दूर जातांना उतरता ऐकूं येतो. वेगानें जाणाऱ्या उपग्रहाला यंत्राचा स्वर असाच चढतां उतरतां ऐकूं येतो, व त्या चढउतारावरून गणितानें जागा काढतां येते. अलीकडील पुष्कळ यंत्रें स्वतःचे अक्षांश व रेखांशही कळवितात.

ही व्यवस्था उभारली अमेरिका, रशिया, कॅनडा व फ्रान्स या चार देशांनीं, आणि तीही शीतयुद्धाच्या भर काळांत. १९७९ सालीं करार झाला, ३० जून १९८२ रोजीं पहिला रशियन उपग्रह चढला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरांत कॅनडांत पडलेल्या एका लहान विमानांतील तिघे त्याच्यामुळें वांचले. एकमेकांवर अण्वस्त्रें रोखून बसलेल्या राष्ट्रांनीं बुडणाऱ्याची हांक मिळून ऐकावी, ही गेल्या शतकांतील विरळा शहाणपणाची गोष्ट होय. भारतानें या कार्यांत १९९२ च्या ‘इन्सॅट २ अ’ उपग्रहावर हांक टिपणारें साधन बसविलें. बंगळूर व लखनौ येथें इस्रोचीं भूस्थानकें आहेत. बंगळूरहून वार्ता तटरक्षक दलाच्या मुंबई, चेन्नई व पोर्ट ब्लेअर येथील शोधकेंद्रांना जाते.

कोळ्यांच्या होडीला इतकें महाग यंत्र परवडत नाहीं. म्हणून इस्रोनें त्यांच्यासाठीं ‘डॅट’ नांवाचें निराळें यंत्र केलें व तें २०१० पासून वापरांत आलें. आग, होडी बुडणें, आजार अशा निरनिराळ्या संकटांसाठीं त्यावर संदेश ठरलेले आहेत. त्यांत एक वैगुण्य होतें: हांक जाई, पण उत्तर येत नसे. होडींतला माणूस आपलें बोलणें कोणी ऐकलें कीं नाहीं या विवंचनेंत लाटांवर बसून राही. जानेवारी २०२४ मध्यें निघालेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रांत ‘संदेश पोंचला’ असा उलट निरोप येतो.

वार्ता पोंचली म्हणजे सारें झालें असेंही नव्हे. मे २०२१ च्या ‘तौक्ते’ वादळांत मुंबईच्या पश्चिमेस ‘पी ३०५’ हा तराफा संकटांत असल्याचें किनाऱ्यावर वेळींच समजलें होतें. आरमारानें खवळलेल्या समुद्रांतून २६१ पैकीं १८० हून अधिक माणसें काढलीं. तरी उरलेलीं गेलींच.

राहिली तिसरी विद्या, नांवाची. ही सर्वांत सोपी आणि म्हणूनच सर्वांत उपेक्षित. पूर्वीचीं संकटसूचक यंत्रें १२१.५ मेगाहर्ट्‌झवर नुसती किंकाळी फोडीत. ती कोणाची हें कोणालाच कळत नसे. १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनीं ती किंकाळी ऐकणेंच बंद केलें. नव्या यंत्रांत प्रत्येकाला स्वतःची पंधरा अक्षरांची खूण आहे. पण त्या खुणेपुढें जहाजाचें नांव, प्रकार, मालक, आणि किनाऱ्यावर विचारपूस करावयाचा दूरध्वनिक्रमांक हें सारें वहींत लिहिलेलें असेल तरच तिला अर्थ. भारतांतील यंत्रांची ही वही बंगळूरला आहे.

तिचा उपयोग कसा होतो पाहा. जगांत येणाऱ्या अशा हांकांपैकीं बहुतेक खोट्या असतात: कोणी साफसफाई करतांना कळ दाबतो, कोणी जुनें यंत्र बॅटरी न काढतां भंगारांत देतो. नोंद असेल तर एका दूरध्वनींत उलगडा होतो कीं जहाज धक्क्याला बांधलेलें आहे. विमान उडविण्याचें कारण राहत नाहीं. आणि हांक खरी असेल, तर जहाजावर पांच माणसें आहेत कीं पन्नास, तें कोठून कोठें निघालें, हें निघण्यापूर्वींच कळतें. रामदासच्या वेळीं हा हिशेब कोणापाशींही नव्हता.

नोंद करण्यास थोडा वेळ लागतो, आणि ती टाळली जाते ती बहुधा यंत्र विकत घेतांना नव्हे, जहाज विकतांना. मालक बदलतो, जहाजाचें नांव बदलतें, क्वचित् निशाणही बदलतें. खोबणींतलें यंत्र तेथेंच राहतें, आणि बंगळूरच्या वहींत जुन्या मालकाचा क्रमांक तसाच राहतो. मग एखाद्या पावसाळ्यांत, मध्यरात्रीं, घंटा वाजते ती त्याच्या घरीं. आणि तो झोंपेंतून उठून सांगतो कीं तें जहाज आपण केव्हांच विकलें, कोणाला तें आतां आठवत नाहीं.