सरळ हँडल

जुन्या काळ्या सायकलीचं हँडल बदलता येत नसे, हे आजच्या पोरांना सांगून पटत नाही. त्या सायकलीचे ब्रेक तारेवर नव्हतेच, दांड्यांवर होते. मुठीखालचा खटका दाबला की दांडी वर ओढली जायची आणि तिला जोडलेल्या वाकड्या पट्टीतले दोन रबरी गुटके रिमच्या आतल्या अंगाला येऊन घासायचे. त्या दांड्या हँडललाच जोडलेल्या कड्यांतून फिरायच्या. शिवाय आडवं हँडल आणि चिमट्यात उतरणारा त्याचा उभा दांडा एकसंध. हँडल काढलं की ब्रेकही हातात यायचा. त्यामुळे आमच्या महाळुंगे पडवळ गावात दोन पिढ्या एकाच बाकाच्या हँडलवर हिंडल्या. मुठी मागे वळलेल्या, पाठ ताठ, टोपी जागेवर.

आमच्या दादांचं सायकलचं दुकान होतं. पंक्चर, छर्रे, चाक आउट झालं तर ते ओढून देणं, आणि तासाच्या भाड्यानं सायकली. ते म्हणायचे, हँडल धरायला कमी आणि अडकवायला जास्त. दुधाची किटली, बाजाराची पिशवी, कोंबडी, कंदील, पावसाळ्यात घोंगडी. मागं कॅरिअरवर गवताचा भारा आणि पुढं नळीवर पोरगं. एवढं सगळं तोलायचं तर हात रुंद आणि मुठी पोटाजवळ हव्यात. इंग्रजांनी हे हँडल आपल्या गावाकडच्या रस्त्यांसाठी केलं होतं. आमच्या रस्त्यांना ते त्यांच्याहून जास्त लागू पडलं, असं माझं मत.

आमचं गाव बाबू गेनूंचं. विलायती कापडाचा ट्रक अडवताना १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीच्या भागात ते चाकाखाली गेले. त्या काळात सायकलही विलायतीच असायची, रॅले नाहीतर हंबर. कापडाची होळी झाली, सायकलीची कुणी केली नाही. कारण उघड आहे: धोतर हातमागावर विणता येत होतं, फ्रीव्हील नाही. देशी सायकल खऱ्या अर्थानं स्वातंत्र्यानंतर गावात आली. मद्रासजवळ अंबत्तूरला १९४९ साली टीआय, सोनीपतला १९५१ साली अॅटलस, लुधियानाला १९५६ साली हिरो. नाव देशी झालं, बिल्ला बदलला, हँडलचा बाक मात्र तोच राहिला.

खाली वळलेलं, मेंढ्याच्या शिंगासारखं हँडल आमच्याकडे आलं ते पुण्याच्या जुन्या बाजारातून. रविवारी आणि बुधवारी तिथं भंगार, भांडी, घड्याळं यांच्या गर्दीत कुणाची तरी टाकून दिलेली रेसर मिळायची. मुंबई–पुणे शर्यतीचा तो काळ. बोरघाटात पहिला येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणायचे आणि ते ऐकून इकडची पोरं खुळावायची. एखादा पठ्ठ्या रेसर विकत घेऊन तिच्यावरच बसून भोसरी, चाकण, राजगुरुनगर करत यायचा, खेड घाट चढायचा, अवसरीचा घाट उतरून मंचर, कळंब आणि मग गावात. आल्यावर पहिला प्रश्न म्हाताऱ्यांचा, “काय रं, खाली काय पडलंय का?”

ही चेष्टा काही एकट्या आमच्या म्हाताऱ्यांची नव्हती. १८९० च्या दशकात युरोपातल्या डॉक्टरांनी वाकून सायकल मारणाऱ्यांच्या पाठीला कुबड येतं म्हणून इशारे दिले होते. त्या कुबडाला ‘किफोसिस बायसिक्लिस्टारम’ असं भारदस्त लॅटिन नावही होतं. शर्यतवाल्यांनी ते कानामागं टाकलं. १९०३ साली टूर द फ्रान्स सुरू झाली, तेव्हाही पुढचे गडी खाली वाकलेलेच होते. कारण वारा. वेग वाढला की सायकलस्वाराची निम्म्याहून जास्त ताकद हवा कापण्यात जाते, आणि छाती खाली घेतली की ती वाचते. पण हे गणित रिकाम्या सायकलीचं. किटलीवाल्याचं गणित वेगळं.

तर रेसर गावात आली की महिन्या-दोन महिन्यांत ती दादांच्या दुकानात यायची. पहिली युक्ती फुकटची: हँडलचा बोल्ट सैल करून ते उलटं फिरवायचं. शिंगं वर. दिसायला विचित्र, पण पाठ सरळ. तोटा असा की ब्रेकचे खटके भलत्याच दिशेला जायचे आणि पिशवी अडकवायला जागा तरीही नाहीच. मग खरा बदल. काळ्या सायकलीचं जुनं हँडल घ्यायचं, दांड्यांची कडी करवतीनं कापायची, कानस मारायची. चिमट्यात उतरणारा दांडा दोन्हींचा सात सुती, त्यामुळे तिथं अडत नसे.

अडायचं ते खटक्यांवर. सरळ हँडलची नळी सात सूत, म्हणजे २२.२ मिलिमीटर. शर्यतीच्या हँडलची साडेसात सूत, २३.८. फरक अर्ध्या सुताचा, पण रेसरचा खटका सरळ नळीवर बसवला की तो फिरतो. कुणी ट्यूबची पट्टी गुंडाळून घट्ट करायचं. दादा ते करू द्यायचे नाहीत. घाट उतरताना रबर सरकलं तर ब्रेक हातातच गोल फिरेल, असं म्हणून ते सात सुती खटके आणेपर्यंत सायकल अडवून ठेवायचे. गिऱ्हाईक कुरकुरायचं. गिअर बदलायचे खटके तेव्हा फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवर असत, त्यांना हात लावायचं कारणच नव्हतं. आज तेच काम किचकट झालं आहे.

किचकट झालं ते १९९० नंतर. शिमानो कंपनीनं ब्रेक आणि गिअर एकाच खटक्यात बसवले आणि हँडल बदलणं म्हणजे अर्धी सायकल बदलणं झालं. नव्वदच्या दशकात गावात रेंजर आली, सरळ हँडलची, जाड टायरची. डोंगर उतरायला अमेरिकेत निघालेली जात, आमच्याकडे शाळेत जायला लागली. तिनं रेसरची हौस पार पुसून टाकली. पुढं मोटारसायकलीनं सायकलच पुसली, ते वेगळं.

आता पुन्हा वाकड्या हँडलच्या सायकली दिसतात. सुटीच्या दिवशी पुण्याहून घोडेगाव मार्गे भीमाशंकरला जाणारे स्वार असतात, हेल्मेट, चष्मा, सगळा सरंजाम. त्यांच्याकडून जुनी सायकल घेतलेला अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा एक विद्यार्थी मध्यंतरी माझ्याकडे आला, “काका, सरळ हँडल टाकून द्या.” मी त्याला आधी बसवून हिशेब सांगितला. वाकड्या हँडलवर हात पुढच्या बोंडांवर असतात. सरळ टाकलं की ते आठ-दहा सेंटीमीटर मागं येतात, तेव्हा हँडल धरणारा स्टेम लांब लागेल. ब्रेक कॅलिपरचा, त्याला कमी तार ओढणारा खटका हवा. डोंगरी सायकलीच्या व्ही-ब्रेकचा खटका लावला तर तार जास्त ओढली जाते, जोर कमी पडतो आणि ब्रेक मिळमिळीत लागतो. पुढचा गिअरही रोडचा आहे, त्याला रोडच्याच ओढीचा सरळ हँडलचा खटका शोधावा लागेल. आणि हँडल जेमतेम बेचाळीस सेंटीमीटर होतं ते साठाच्या आसपास जाईल. उसाच्या ट्रॉलीशेजारून काढताना ध्यानात ठेव.

तो म्हणाला, मित्र हसतात, रेसरची वाट लावली म्हणतात. हसू देत. ज्याच्या पाठीवर लॅपटॉपची बॅग आहे आणि ज्याला बाजारच्या गर्दीतून मान वर ठेवून जायचंय, त्यानं शर्यतीसाठी काढलेला बाक का सोसावा? फक्त एक गोष्ट सरळ हँडल देत नाही, ती म्हणजे हात बदलायला जागा. एकाच पकडीनं लांब गेलं की तळवे बधिर होतात. म्हणून टोकांना दोन आखूड शिंगं लावायला सांगितली. तो म्हणाला, शिंगं नकोत म्हणून तर आलो. राजगुरुनगरपर्यंत एकदा जाऊन आला आणि मग स्वतःच मागून घेऊन गेला.