रुपेरी पडदा आणि तंबूंतला प्रेक्षक

१९८५ सालीं मुंबईंत राज सिप्पी यांनीं ‘शिवा का इन्साफ’ हा हिंदी बोलपट त्रिमितींत काढला. मुखवटा घालून सूड उगविणारा त्यांतील वीर जॅकी श्रॉफ यांनीं रंगविला. कथेचा सांचा जुनाच. अमेरिकन गुराख्यांच्या बोलपटांतून आणि ‘झोरो’च्या कथेंतून आलेला हा मसाला होमी वाडिया यांच्या ‘हंटरवाली’नें १९३५ सालींच येथें रुजविला होता. नवी होती ती खोली. आणि तीहि आदल्याच वर्षीं ‘माय डिअर कुट्टिचात्तन’ या मल्याळी बोलपटानें दाखविली होती.

मनुष्याचे दोन डोळे एकच वस्तु किंचित् भिन्न कोनांतून पाहतात. मेंदू त्यांची सांगड घालतो व खोली भासते. १९५३ सालीं हॉलिवूडनें याच तत्त्वावर गुराखीपटांचा सपाटा लावला. त्या वेळीं डाव्याउजव्या डोळ्यांसाठीं दोन स्वतंत्र फिती दोन यंत्रांवर बरोबरीनें चालवाव्या लागत. एक फीत तुटून चार चौकटी गेल्या, कीं दुसरीच्याहि तितक्याच काढाव्या लागत. नाहीं तर प्रेक्षकांचें डोकें उठे. गंमत अशी, कीं त्या वर्षींच्या ‘द स्ट्रेंजर वोअर अ गन’ या गुराखीपटाचे दिग्दर्शक आन्द्रे द टॉथ यांना एकच डोळा होता! स्वतःला न दिसणारी खोली त्यांनीं जगाला दाखविली.

पुढें दोन्ही चित्रें एकाच फितीवर मावूं लागलीं. पडद्याची अडचण मात्र सुटली नाहीं. चष्म्याची प्रत्येक कांच ठराविक दिशेनें कंप पावणाऱ्या प्रकाशालाच वाट देते. ती दिशा टिकावयाची तर पडद्याला रुपेरी लेप हवा. पांढऱ्या कापडावर ती विस्कटते आणि दोन्ही चित्रें दोन्ही डोळ्यांत शिरतात.

खरें दुखणें येथेंच होतें. मारधाडीच्या बोलपटांचा हक्काचा प्रेक्षक तालुक्याच्या गांवचा, फिरत्या तंबूंत जमिनीवर बसणारा. नागपूर जिल्ह्यांत मिरचीसाठीं नांवाजलेलें भिवापूर घ्या. अशा गांवीं ताणलेल्या कापडाला रुपेरी लेप कोण देणार? शेंकडों चष्मे वांटून, गोळा करून, पुसून कोण ठेवणार? ज्याच्या अंगावर ती गोळी धांवून यावयाची, त्याची वाट यंत्रानेंच अडविली.

मराठींत त्रिमिती आली ती २०१३ सालीं, महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला २’ मध्यें. तोंवर फीत नाहींशी होऊं लागली होती. चष्मा तेवढा उरला होता.