बेअरिंग आणि वंगण

बेअरिंग (पारिभाषिक मराठीत धारवा) : यंत्राच्या फिरत्या किंवा सरकत्या भागाला जागेवर धरणारा, त्याचा भार पेलणारा आणि तरीही त्याला मोकळेपणी हलू देणारा भाग. वंगण : एकमेकांवर घासणाऱ्या दोन पृष्ठभागांच्या मध्ये राहून त्यांना परस्परांपासून दूर ठेवणारा पदार्थ. तो बहुधा तेल किंवा ग्रीस असतो. काही ठिकाणी ग्रॅफाइटची पूड, पाणी, एवढेच काय हवासुद्धा हे काम करते. कोशांमध्ये या दोन्हींच्या नोंदी वेगळ्या देण्याचा प्रघात आहे. इथे त्या एकत्र घेतल्या आहेत, कारण नीट चालणाऱ्या यंत्रात भार प्रत्यक्षात तेलाचा पातळ थर उचलून धरतो आणि धातूची रचना तो थर तयार व्हावा, टिकावा यासाठी केलेली असते.

या नोंदीतली काही उदाहरणे सोनागिरी परिसरातली आहेत. सोनागिरी ही भोपाळच्या पूर्वेकडील वस्ती. पिपलानीला लागून, भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या म्हणजे भेलच्या वसाहतीच्या आणि गोविंदपुरा औद्योगिक क्षेत्राच्या शेजारची. 1956 मध्ये ‘हेवी इलेक्ट्रिकल्स (इंडिया) लिमिटेड’ या नावाने, ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजच्या तांत्रिक सहकार्याने भेलचा इथला कारखाना उभा राहू लागला. 1974 मध्ये तो भेलमध्ये विलीन झाला. जलविद्युत टर्बाइने व जनित्रे, रेल्वे इंजिनांच्या मोटारी, रोहित्रे ही इथली मुख्य उत्पादने. त्यातली पहिली दोन समजून घ्यायची तर बेअरिंगपासूनच सुरुवात करावी लागते. पाण्यावर चालणाऱ्या मोठ्या जनित्रात शेकडो टनांचा उभा दांडा फिरत असतो आणि तो संपूर्ण भार एकाच वर्तुळाकार बैठकीवर येतो. रेल्वेच्या मोटारीचा प्रश्न उलट आहे : भार त्या मानाने कमी, पण धूळ, हादरे आणि विश्रांती नाही.

घर्षण कुठून येते : तासून, घासून, चकचकीत केलेला पोलादी पृष्ठभागही सूक्ष्मदर्शकाखाली डोंगराळ मुलुखासारखा दिसतो. असे दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले की ते फक्त शिखरांवर टेकतात. संपूर्ण भार त्या मोजक्या टोकांवर येतो, टोके चेपतात, एकमेकांना चिकटतात आणि सरकताना तुटतात. घर्षण म्हणजे मुख्यतः हे चिकटणे आणि तुटणे. फ्रान्समध्ये आमोंताँने 1699 मध्ये आणि पुढे कूलाँने सविस्तर प्रयोगांतून दाखवले की घर्षणबल भाराच्या प्रमाणात वाढते आणि वरवर दिसणाऱ्या संपर्कक्षेत्रावर फारसे अवलंबून नसते. टेकण्याची खरी जागा भारानुसार ठरते हे लक्षात घेतले की या नियमातला विचित्रपणा जातो.

बैलगाडीच्या आसाला एरंडेल किंवा चरबी चोपडणाऱ्या गाडीवानाला हे सिद्धान्त ठाऊक असण्याची गरज नव्हती. वंगण संपले की चाक करकरते, लाकडी तुंब्याचे भोक रुंदावते आणि बैल लवकर दमतात, एवढे त्याला पुरेसे होते. पण तेल नेमके काय करते याचे उत्तर मात्र फार उशिरा मिळाले, आणि तेही रेल्वेमुळे.

टॉवरचे छिद्र : 1883 च्या सुमारास ब्यूशँप टॉवर हा इंग्रज अभियंता रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. दांड्याचा खालचा भाग तेलात बुडालेला आणि वर पितळेचे अर्धगोल बेअरिंग भार घेऊन बसलेले, अशी मांडणी होती. त्याने वरून तेल घालण्यासाठी बेअरिंगला मधोमध छिद्र पाडले. यंत्र सुरू केल्यावर तेल आत जाण्याऐवजी छिद्रातून वर येऊ लागले. त्याने बूच ठोकले. बूच बाहेर फेकले गेले. मग तिथे दाबमापक बसवला, तर काटा सरासरी भारदाबाच्या दुपटीच्याही पुढे गेला. दांडा आणि बेअरिंग एकमेकांना टेकलेलेच नव्हते. फिरणारा दांडा स्वतःच तेलाला आपल्याबरोबर अरुंद होत जाणाऱ्या फटीत ओढून नेत होता आणि त्या कोंडीत निर्माण झालेल्या दाबावर तरंगत होता. 1886 मध्ये ऑस्बर्न रेनल्ड्‌सने याचे गणित मांडले. आजही प्रत्येक तेलबेअरिंगचा आराखडा त्या समीकरणातूनच निघतो.

या तेलाच्या पाचरीला तीन गोष्टी लागतात : तेलाचा दाटपणा म्हणजेच श्यानता, पृष्ठभागांची सापेक्ष गती आणि फटीचा उतार. तिन्हींपैकी एक गेली की पाचर जाते. गतीची अट विशेष लक्षात ठेवावी, कारण प्रत्येक यंत्र कधीतरी सुरू होते आणि कधीतरी थांबते. त्या क्षणांत वेग पुरेसा नसतो आणि धातू धातूला भेटतो. बेअरिंगची बरीचशी झीज अशा वेळी होते.

उभ्या जनित्राची बैठक : आडव्या दांड्याभोवती अरुंद होत जाणारी फट आपोआप तयार होते, कारण दांडा किंचित एका बाजूला सरकतो. उभ्या दांड्याचा भार सपाट कड्यावर येतो आणि दोन सपाट, समांतर पृष्ठभागांमध्ये पाचर तयार होत नाही. जुन्या यंत्रांत त्यामुळे एकामागोमाग अनेक कडी लावून भार वाटून घेत, तरी ती तापत. यावरचा उपाय दोघांना स्वतंत्रपणे सुचला : ऑस्ट्रेलियात अँथनी मिशेल (पेटंट 1905) आणि अमेरिकेत ॲल्बर्ट किंग्जबरी (पेटंट 1910). त्यांनी सलग कडे कापून त्याचे अलग पॅड केले आणि प्रत्येक पॅड खालून एका बिंदूवर किंवा कडेवर असा टेकवला की त्याला थोडे झुकता यावे. वरची चकती फिरू लागली की प्रत्येक पॅड आपला आपण हवा तेवढा कलतो आणि तेलाची पाचर तयार होते. 1912 मध्ये पेनसिल्वेनियातील होल्टवूड जलविद्युत केंद्रात किंग्जबरीचे असे बेअरिंग बसवले गेले. यंत्रशास्त्राच्या इतिहासात वाफेच्या इंजिनाला जितकी पाने मिळाली त्यांच्या शतांशही या झुकत्या पॅडला मिळालेली नाहीत, हा अन्यायच आहे. तो नसता तर कोयनेच्या पोफळी येथील भूमिगत वीजगृहासारख्या ठिकाणची उभ्या दांड्याची मोठी यंत्रे आजच्या रूपात शक्य झाली नसती.

आकड्यांत पाहावे. उदाहरणादाखल फिरता भाग आणि पाण्याचा खाली येणारा रेटा मिळून 300 टन धरू, पॅडच्या वर्तुळाची सरासरी त्रिज्या 1 मीटर आणि वेग मिनिटाला 150 फेरे. पॅडवरून चकतीचा वेग सेकंदाला सुमारे 15.7 मीटर होतो. धातू धातूवर घासत असता आणि घर्षणगुणांक 0.15 असता तर जवळजवळ 7,000 किलोवॅट शक्ती नुसत्या घासण्यात गेली असती. अर्थात त्याआधीच काही सेकंदांत सगळे वितळले असते. तेलाच्या थरावर गुणांक 0.002 च्या आसपास येतो आणि तोटा 92 किलोवॅटवर उतरतो. तोही उष्णतेच्याच रूपात बाहेर पडतो, म्हणून पॅड तेलाच्या टाकीत बुडवलेले असतात आणि ते तेल थंड पाण्याच्या नळ्यांवरून फिरवले जाते. थराची जाडी काही दशक मायक्रॉन, साधारण केसाच्या जाडीच्या आतबाहेर. तीनशे टन या एवढ्याशा थरावर.

पॅडचा पाया पोलादी असतो आणि त्यावर काही मिलिमीटर जाडीचा व्हाइट मेटलचा म्हणजे बॅबिटचा थर ओततात. आयझॅक बॅबिटने 1839 मध्ये आणलेला हा मिश्रधातू मुख्यतः कथलाचा असून त्यात अँटिमनी व तांबे असते. तो मुद्दाम मऊ ठेवलेला आहे. तेलातून आलेला कण तो आपल्यात रुतवून घेतो, म्हणजे महागडा दांडा ओरखडत नाही; आणि तेल तुटलेच तर तो आधी वितळून दांड्याला वाचवतो. बदलायचा भाग कोणता आणि राखायचा कोणता, याचा निर्णय धातू निवडतानाच घेतलेला असतो.

यंत्रावर तासलेला पॅडही पुरेसा सपाट नसतो, म्हणून फिटर निळा रंग लावून चकतीशी तो पडताळतो. निळे डाग उमटतात ते उंचवटे. ते हातातल्या स्क्रेपरने खरवडायचे, पुन्हा निळा लावायचा, पुन्हा पाहायचे, आणि डाग पृष्ठभागभर सारखे पसरेपर्यंत हे चालू ठेवायचे. हे कौशल्य पुस्तकात उतरत नाही. मनगटाला कळते तेवढेच खरे.

सुरू होतानाचा धोका टाळण्यासाठी मोठ्या यंत्रांत पंपाने उच्च दाबाचे तेल थेट पॅडच्या तोंडाशी सोडतात. दांडा हलण्याआधीच उचलला जातो. बंद करताना वेग बराच उतरला की ब्रेक लावतात, म्हणजे यंत्र संथ गतीने फार वेळ रेंगाळत नाही. अनेक ठिकाणी आता बॅबिटऐवजी टेफ्लॉनचा थर असलेले पॅडही वापरतात. आणखी एक खबरदारी विजेच्या यंत्रांपुरती आहे : दांड्यात निर्माण होणारा भटका विद्युतप्रवाह तेलाच्या थरातून ठिणग्या टाकत गेला तर पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात. म्हणून बेअरिंगखाली विद्युतरोधक थर घालतात.

गोळ्यांची आणि रुळांची बेअरिंगे : घासण्याऐवजी घरंगळू द्यावे, ही कल्पना जुनी आहे. 1794 मध्ये वेल्समधील फिलिप व्हॉनने गाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले आणि 1907 मध्ये स्वीडनमध्ये स्वेन विंगक्विस्टने स्वतःला जुळवून घेणारे दुहेरी ओळीचे बेअरिंग काढले. त्याच्या एसकेएफ या कंपनीचा कारखाना महाराष्ट्रात चिंचवडला आहे. आतले कडे, बाहेरचे कडे, मधल्या गोळ्या किंवा रूळ (रोलर), आणि त्यांना एकमेकांपासून अंतरावर ठेवणारा पिंजरा, एवढीच रचना. पोलादात साधारण 1 टक्का कार्बन व 1.5 टक्के क्रोमियम असते.

गोळी जिथे टेकते तो ठिपका इतका लहान असतो की तिथला दाब हजारो वातावरणांइतका होतो. त्या दाबात तेल क्षणभर जवळपास घनासारखे घट्ट होते आणि पोलादही लवचिकपणे चेपते. तरीही मध्ये एक मायक्रॉनहून पातळ थर टिकतो. म्हणजे घरंगळणाऱ्या बेअरिंगलाही वंगण लागतेच; गोळ्या आहेत म्हणून तेल नको, हा समज चुकीचा. भार पुन्हा पुन्हा येऊन पोलाद आतून थकते आणि शेवटी कड्यावरून खवला निघतो. गोळ्यांच्या बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते : भार दुप्पट तर आयुष्य एक अष्टमांश. यंत्राचा पट्टा गरजेपेक्षा जास्त ताणून बेअरिंगवरचा भार वाढवणाऱ्याने हा हिशेब ध्यानात ठेवावा.

ग्रीस म्हणजे दाट तेल नव्हे. धातुसाबणाच्या, बहुधा लिथियमच्या, बारीक तंतूंच्या जाळ्यात तेल धरून ठेवलेले असते, स्पंजात पाणी असावे तसे. काम करते ते त्यातून पाझरणारे तेल. म्हणून बेअरिंगमध्ये ग्रीस ठासून भरणे हा उपकार नाही. मोकळ्या जागेचा साधारण तिसरा हिस्सा ते अर्धी जागा भरावी. जास्त भरले की गोळ्या ग्रीस घुसळत राहतात, तापमान चढते, तेल गळून जाते. बसवतानाही पथ्य आहे : बेअरिंग सुमारे 110 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून दांड्यावर सरकवावे. हातोडीचा घाव बाहेरच्या कड्यावर घालून आतले कडे बसवले तर धक्का गोळ्यांतून जातो आणि नव्या बेअरिंगवर पहिल्याच दिवशी खळगे पडतात.

रेल्वेच्या आसपेटीत पूर्वी व्हाइट मेटलचे बेअरिंग आणि तेलात भिजवलेल्या लोकरीच्या गुंत्याची भर असे. लोकर कोरडी पडली की आस तापून लाल होई, म्हणून गाडी थांबली की आसपेट्यांना हात लावून पाहणे हे नित्याचे काम होते. आता जुन्या धाटणीच्या आयसीएफ डब्यांत गोलाकार रुळांची आणि नव्या धाटणीच्या एलएचबी डब्यांत निमुळत्या रुळांची बंदिस्त बेअरिंगे असतात. भोपाळच्या निशातपुरा येथील डबा कार्यशाळेत डबे उघडून तपासले जातात. उभ्या गाडीतही बेअरिंग सुरक्षित नसते : शेजारच्या मार्गावरून गाड्या गेल्या की हादऱ्यांनी बेअरिंगमधले रूळ जागच्या जागी थरथरतात, तिथले वंगण सरकून जाते आणि ठरावीक अंतरावर खुणा उमटतात.

घरातली बेअरिंगे : सोनागिरीतल्या कुठल्याही घरात छताच्या पंख्यात दोन गोळीबेअरिंगे सापडतील. मिक्सरमध्ये बहुधा दाबून-भाजून केलेल्या ब्राँझच्या पुडीचे सच्छिद्र बूश असते. त्याच्या छिद्रांत तेल मुरलेले असते. ते गरम झाल्यावर बाहेर येते आणि थंड झाल्यावर परत शोषले जाते. शिलाई मशिनीला पातळच तेल हवे, कारण तिचे सांधे लहान आणि हलके असतात; तिथे खोबरेल तेल वापरू नये. ते हवेशी संयोग पावून चिकट होते, थंडीत थिजते आणि सांधा जाम करते. भोपाळात मे महिन्यात पारा 42 अंशांच्या वर जातो आणि जानेवारीच्या रात्री चांगल्याच गारठतात. अशा ठिकाणी स्कूटरसाठी 20डब्ल्यू-40 सारखे तेल सोयीचे पडते. त्यातला पहिला आकडा थंडीतल्या वाहतेपणाची श्रेणी सांगतो, दुसरा इंजिन तापल्यावरच्या दाटपणाची.

वापरलेले तेल : तेल झिजत नाही, मळते. त्यात धातूचे कण, पाणी, काजळी साठते आणि त्यातली रासायनिक भर संपते. काढलेल्या तेलाच्या तपासणीतून यंत्राची तब्येत कळते : कथील वाढले तर व्हाइट मेटल झिजतो आहे, लोह वाढले तर पोलादी कडी किंवा दाते. काढलेले तेल गटारात किंवा मातीत ओतू नये. भारतात ते घातक कचऱ्याच्या नियमांखाली येते आणि अधिकृत पुनर्शुद्धीकरण करणाऱ्यांकडेच द्यावे लागते. तिथे ते गाळून, ऊर्ध्वपातन करून पुन्हा मूळ तेलाच्या रूपात येऊ शकते.