दान की भाग? लोकांनी उभारलेल्या विजेचा इतिहास



मी इतिहासाचा अभ्यासक नाही. तीस-पस्तीस वर्षे होमिओपॅथीचा दवाखाना चालवणारा माणूस आहे. तरीही इतिहासाचा विषय घेऊन आपल्यापुढे येतो आहे, त्याला कारण घडले ते सांगतो.

आमच्या भागातील एका संस्थेच्या गच्चीवर आठ-नऊ वर्षांपूर्वी सौर पॅनेल बसवली गेली. एका दात्याने सगळा खर्च केला होता. नारळ फुटला, फोटो निघाले, जिन्याजवळ संगमरवरी पाटी लागली. त्या समारंभाला मीही पुढच्या रांगेत बसलो होतो. गेल्या वर्षी एक रुग्ण पाहायला त्या बाजूला गेलो तेव्हा सहज गच्चीवर डोकावलो. पॅनेलवर धुळीचा आणि कबुतरांच्या विष्ठेचा थर होता. इन्व्हर्टरचा दिवा विझलेला होता. कधीपासून बंद आहे, असे शिपायाला विचारले. तो म्हणाला, "डॉक्टर, मी इथं लागलो तेव्हापासून असंच आहे." खाली आलो. पाटी मात्र स्वच्छ पुसलेली होती.

आता आमच्या वाचनालयाच्या छतावर पॅनेल बसवण्याचा विषय सभेपुढे आला आहे. एका सद्गृहस्थांनी सगळा खर्च एकट्याने उचलण्याची तयारी दाखवली आहे. मी उभा राहून म्हणालो, "त्यांचे दान घेऊ नका, आपण सगळे मिळून भाग काढू." सभा थोडा वेळ गप्प झाली. काहींना तो त्या गृहस्थांचा अपमान वाटला. मी जैन आहे. आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि औषधदानावर माझी श्रद्धा आहे. तेव्हा दानाला मी कमी लेखतो असे कोणी समजू नये. माझे म्हणणे एवढेच, की वीज ही वेगळी वस्तू आहे. ती एकदा देऊन संपत नाही. ती रोज चालवावी लागते. लोकांनी आपली वीज आपण उभी केली, अशी उदाहरणे जगात आणि आपल्या दाराशीही आहेत. ती काय सांगतात ते पाहू.

पहिले उदाहरण अगदी आपल्या जिल्ह्यातले आहे. हुक्केरी तालुक्यातील कोणत्याही गावात विजेचे बिल पाहा. शेजारच्या तालुक्यांत ते सरकारी वीज कंपनीचे येते, इथे ते येते हुक्केरी ग्रामीण विद्युत सहकारी संघाचे. १९६९ साली देशात ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन झाला. खेड्यांतील वीज सहकारी तत्त्वावर चालवून पाहावी म्हणून त्या काळात पाच ठिकाणे निवडली गेली: कर्नाटकात हुक्केरी, महाराष्ट्रात मुळा-प्रवरा, गुजरातेत कोडिनार, त्या वेळच्या आंध्रात सिरसिल्ला आणि उत्तर प्रदेशात लखनौजवळचा भाग. या प्रयोगामागे अमेरिकेची मदत होती, आणि कल्पनाही तिकडचीच होती.

अमेरिकेत १९३०च्या दशकात शहरे दिव्यांनी उजळलेली होती आणि दर दहा शेतघरांपैकी नऊ अंधारात होती. तार ओढायला खर्च फार आणि गिऱ्हाईक विरळ, म्हणून खाजगी कंपन्या तिकडे फिरकत नव्हत्या. १९३५मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणासाठी सरकारी खाते उघडले. खात्याने वीज फुकट वाटली नाही. त्याने कर्ज दिले, आणि मुख्यतः शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना दिले. सभासद व्हायला साधारण पाच डॉलर भरावे लागत. मंदीच्या काळात ही रक्कम लहान नव्हती. पण ती भरली की माणूस वीजसंस्थेचा मालक होई, सभेत बसे, हिशेब विचारी. त्या संस्थांपैकी शेकडो आजही चालू आहेत.

हुक्केरी आणि सिरसिल्ला आजही उभे आहेत. मुळा-प्रवराची कथा वेगळी झाली. श्रीरामपूर परिसरातील ही संस्था मोठी होती, सहकाराच्या माहेरातच होती. तरी थकबाकीचा डोंगर साचत गेला आणि २०११मध्ये तिथले वितरण महावितरणकडे गेले. चूक कोणाची याबद्दल दोन्ही बाजू आपापले सांगतात. मला त्यातून एवढेच घ्यायचे आहे, की संस्थेच्या नावात 'सहकारी' असले आणि भागाच्या पावत्या घरोघरी असल्या तरी तेवढ्याने संस्था तरत नाही. जमा आणि देणे यांचा मेळ दरवर्षी बसावा लागतो. माझ्या मताविरुद्ध जाणारे हे उदाहरण मी मुद्दाम आधी सांगितले.

आता जरा दूर जाऊ. जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरात शोनाऊ नावाचे सुमारे अडीच हजार वस्तीचे गाव आहे. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. किरणोत्सारी कण वाऱ्याबरोबर तिथवर पोचले. मुलांना दूध द्यावे का, अंगणातल्या वाळूत खेळू द्यावे का, हे प्रश्न आयांपुढे उभे राहिले. काही पालक एकत्र आले. त्यांत उर्सुला स्लाडेक नावाची शिक्षिका होती आणि तिचा नवरा मिखाएल हा गावचा डॉक्टर होता. हा डॉक्टर भेटल्यावर मला या गोष्टीचे वेड लागले, हे कबूल करतो.

त्यांनी आधी मोर्चे काढले नाहीत. वीज कोण जास्त वाचवतो याच्या स्पर्धा घेतल्या. गावाला वीज पुरवणाऱ्या कंपनीकडे जाऊन, वाचवणाऱ्याला फायदा होईल असे दर ठेवा, अशी मागणी केली. कंपनीला त्यात रस नव्हता. वीज कमी खपावी असे विकणाऱ्याला का वाटेल? तेव्हा त्यांनी ठरवले, की गावातील तारांचे जाळेच विकत घ्यायचे. नगरपालिकेने कंपनीशी नव्याने करार करण्याचे ठरवले, तेव्हा यांनी सार्वमत मागितले. १९९१मध्ये ते थोड्या मतांनी जिंकले. पुढे परवाना गावकऱ्यांच्या संस्थेला मिळाला, तर विरोधकांनी दुसरे सार्वमत लावले. १९९६मध्ये तेही जिंकले, या वेळी आणखी कमी फरकाने. गाव जवळजवळ निम्मे-निम्मे विभागले होते. अडीच हजारांच्या गावात ते किती कडवट झाले असेल, याची कल्पना आपल्यासारख्या लहान गावांतल्या माणसांना सहज येईल. डॉक्टरच्या दवाखान्यात दोन्ही बाजूंचे रुग्ण येत असणार.

मग पैशांचा प्रश्न आला. कंपनीने जाळ्याची किंमत ८७ लाख मार्क सांगितली. गावकऱ्यांच्या तज्ज्ञांच्या मते ती निम्म्याहूनही कमी असायला हवी होती. भांडत बसले असते तर वर्षे गेली असती. अखेर ५७ लाख मार्क निषेध नोंदवून भरायचे ठरले. त्यांतले काही भागभांडवलातून आले, आणि उरलेल्यांसाठी देशभर आवाहन केले. एका जाहिरात संस्थेने मोहीम फुकट करून दिली. तिचे वाक्य होते 'मीच एक बिघाड आहे'. अणुभट्टीतील गडबडीला कंपन्या वापरत तो सौम्य शब्द लोकांनी स्वतःला लावून घेतला. पैसे जमले. १ जुलै १९९७ रोजी जाळे गावच्या मालकीचे झाले. पुढे खरी किंमत ३५ लाख मार्कांच्या आसपास ठरली आणि जादा भरलेले पैसे परत मिळाले. निषेध कागदावर नोंदवून ठेवल्याचा फायदा तो हा!

त्यानंतर थोड्याच काळात गावातील प्रॉटेस्टंट चर्चच्या छतावर सौर पॅनेल चढली. त्यांना 'सृष्टीची खिडकी' अशा अर्थाचे नाव दिले गेले. २००९मध्ये संस्थेने रीतसर सहकारी रूप घेतले. इथे थोडे थांबून पाहा. पॅनेल सर्वांत शेवटी आली. आधी अकरा वर्षे सभा, सार्वमत, वाद आणि वर्गणी झाली. पॅनेल बसली तेव्हा त्यांच्याकडे लक्ष ठेवणारी माणसे तयार होती. आमच्याकडच्या त्या गच्चीवर पॅनेल पहिल्या दिवशी आली, आणि माणसे आलीच नाहीत.

दुकाने-कारखान्यांच्या छतांचे काय? त्यासाठी इंग्लंडमधील लुईस हे गाव पाहू. तिथे हार्वीज नावाची जुनी, प्रसिद्ध बिअर-भट्टी आहे. जैन माणसाने आदर्श म्हणून मद्याचा कारखाना दाखवावा हे मलाही जरा अवघड वाटते, पण आपण फक्त छताकडे पाहू. २०१०मध्ये इंग्लंडमध्ये सौर विजेला ठरावीक दर देणारी योजना आली. पुढच्याच वर्षी लुईसमधील लोकांच्या एका संस्थेने भाग विक्रीला काढले आणि काही आठवड्यांत तीन लाख पौंडांहून अधिक जमवले. त्यातून भट्टीच्या गोदामावर ९८ किलोवॉटची ५४४ पॅनेल बसली. छत कारखान्याचे, पॅनेल गावाची. वीज कारखान्याने वापरायची आणि उत्पन्नातून सभासदांना माफक व्याज द्यायचे. कारखान्याला भांडवल घालावे लागले नाही, आणि गावाला छत बांधावे लागले नाही. २०१९मध्ये ती सरकारी योजना नव्या प्रकल्पांना बंद झाली. पण जुने करार टिकले, कारण ते कागदावर नीट लिहिलेले होते.

आपल्या देशातही असे घडले आहे. गुजरातेत खेडा जिल्ह्यातील ढुंडी गावात २०१६मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौर विजेची सहकारी मंडळी काढली. पंपांवरची पॅनेल मिळून ५६.४ किलोवॉटची. पाणी उपसून उरलेली वीज ते वीज कंपनीला युनिटमागे ४ रुपये ६३ पैशांनी, २५ वर्षांच्या करारावर विकू लागले. भांडवलाचा मोठा वाटा एका संशोधन संस्थेने उचलला होता, हे खरे. पण तिने पॅनेल देऊन पाठ फिरवली नाही; मंडळी नोंदवायला लावली. वीज विकली की पैसा येतो म्हटल्यावर पॅनेल पुसायला कोणी सांगावे लागत नाही, आणि पाणीही उगाच उपसले जात नाही.

आता आपल्या छताकडे येऊ. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॉट आणि त्यापुढच्या घरगुती संचाला ७८ हजार रुपयांचे अनुदान आहे. ते घरांसाठी आहे. वाचनालय, बस्ती, शाळा, दुकान यांना ते मिळत नाही. म्हणून संस्थांपुढे दोनच वाटा उरतात: दाता शोधणे किंवा आपापसांत भाग काढणे.

साधा हिशेब मांडतो. दहा किलोवॉटच्या संचाला साधारण सहा लाख रुपये धरा. एक हजाराचा एक, असे सहाशे भाग होतात. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देते, म्हणजे वर्षाला सुमारे १४ हजार युनिट. युनिटमागे सात रुपये धरले तर वर्षाला ९८ हजार रुपये वाचतात. त्यातले काही दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेच पाहिजेत, कारण पॅनेल पंचवीस वर्षे चालले तरी इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांत बदलावा लागतो. तेवढे धरूनही सात-आठ वर्षांत भागाची रक्कम परत करता येते. वाचनालयाला एवढी वीज लागत नसेल तर संच लहान घ्यावा. हे सगळे रीतसर नोंदणी करूनच व्हावे. सौहार्द सोसायट्या आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे हे आपल्याला शिकवावे लागू नये. त्या कशा बुडतात, तेही आपण पाहिलेले आहे.

माझ्या व्यवसायात औषध देणे हा अर्धा भाग असतो. उरलेला अर्धा पंधरा दिवसांनी पुन्हा येऊन 'आता कसे वाटते' याचे उत्तर ऐकण्यात असतो. जो रुग्ण परत येत नाही त्याच्या औषधाबद्दल मला काहीच सांगता येत नाही. त्या संगमरवरी पाटीच्या संस्थेत नेमके हेच झाले. दात्याने दिले आणि त्याचा धर्म पूर्ण झाला. तो परत विचारायला आला नाही, कारण दान दिल्यावर विचारू नये ही आपली शिकवण आहे. घेणाऱ्यांना विचारण्याचा हक्क वाटला नाही, कारण त्यांचे काही गेले नव्हते. एक हजार रुपये भरलेली शिक्षिका मात्र वार्षिक सभेत नक्की उठेल आणि विचारेल, "गेल्या महिन्यात युनिट कमी का?" हुक्केरी, शोनाऊ, लुईस, ढुंडी या चारही ठिकाणी मला हा विचारणारा माणूस दिसतो. आणि मुळा-प्रवरा सांगते, की विचारणाऱ्याला वेळेवर खरे उत्तरही मिळाले पाहिजे.

म्हणून माझी सूचना मी थोडी बदलून पुन्हा मांडतो. त्या सद्गृहस्थांना आपण नाही म्हणू नये. त्यांनी हवे तितके भाग घ्यावेत, शंभर घ्यावेत. पण सभेत त्यांचे मत एकच असावे, हजार रुपयेवालीचेही एकच. आणि पाटी लावायचीच असेल, तर तिच्यावर नाव न लिहिता दर महिन्याला किती युनिट वीज झाली तो आकडा खडूने लिहावा.

पुढच्या सर्वसाधारण सभेला हा विषय येईल. आपण सभासद आहात, तेव्हा आपण यावे, आणि मी चुकत असेन तर उभे राहून सांगावे.