विरघळणाऱ्या धातूला लेपाचा लगाम

मोडलेले हाड सांधण्यासाठी बसविलेल्या पोलादाच्या किंवा टायटॅनियमच्या पट्टीचे काम हाड जुळताच संपते. मात्र ती काढण्यासाठी अनेकदा रुग्णाला दुसऱ्या शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते. वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच नाजूक ठरतो. काम संपल्यावर शरीरातच विरघळून जाणाऱ्या मॅग्नेशियमचे महत्त्व यातच आहे.

प्रौढ व्यक्तीच्या शरीरात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असते आणि त्यातील निम्म्याहून अधिक हाडांत असते. त्यामुळे हा धातू शरीराला परका नाही. त्याचा जादा अंश मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतो. शिवाय त्याचा ताठरपणा टायटॅनियमपेक्षा हाडाच्या अधिक जवळचा असल्याने सारा भार धातूनेच पेलून हाड कमकुवत होण्याचा धोका घटतो.

अडचण आहे ती वेगाची. बेल्जियमचे शल्यविशारद आल्बँ लांबोत यांनी १९०६ मध्ये पायाचे हाड सांधण्यासाठी मॅग्नेशियमची पट्टी वापरली. ती अवघ्या आठ दिवसांत झिजून तुटली आणि त्वचेखाली वायू साठला. मॅग्नेशियमची पाण्याशी क्रिया होऊन हायड्रोजन तयार होतो. एक ग्रॅम धातूपासून सुमारे एक लिटर. या क्रियेत धातूवर हायड्रॉक्साइडचा पापुद्रा धरतो खरा, पण शरीरद्रवातील क्लोराइड तो टिकू देत नाही.

पृष्ठभागावरील प्रक्रियेची गरज येथेच भासते. हायड्रोफ्लोरिक आम्लात बुडवून धातूवर मॅग्नेशियम फ्लोराइडचा पातळ थर चढविता येतो. दुसऱ्या पद्धतीत, द्रावणात बुडविलेल्या धातूला उच्च विद्युतदाब देऊन सूक्ष्म ठिणग्यांद्वारे चिनीमातीसारखा कठीण ऑक्साइडचा थर तयार केला जातो. हा थर सच्छिद्र असल्याने त्यावर पॉलिमर किंवा हाडातील खनिजाशी साधर्म्य असलेल्या कॅल्शियम फॉस्फेटचा लेप देतात. लेपाला तडा गेल्यास मात्र त्याच जागी झीज एकवटते.

हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या ‘मॅगमॅरिस’ या मॅग्नेशियमच्या स्टेंटला युरोपात २०१६ मध्ये मान्यता मिळाली. त्यावर औषध सोडणारा, कालांतराने विरघळणारा पॉलिमरचा लेप असतो.

झीज कायमची थांबविणे हा या लेपांचा उद्देश नव्हे. हाड जुळेपर्यंत धातूला तग धरता यावा आणि त्यानंतर लेपासह तोही नाहीसा व्हावा, हेच त्यांचे खरे काम होय.